हिब्रू व्यक्तिनामे
हिब्रू नाव पुष्कळदा एक छोटे वाक्यच असते. त्यात ‘एल’ किंवा ‘याहू’ हा ईश्वरवाचक अंश येतो : मीखाएल म्हणजे ‘देवासारखा कोण?’, नेतन्याहू म्हणजे ‘याहवेने दिले’. यित्झाक म्हणजे ‘तो हसेल’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून त्याची आई सारा हसली, अशी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील कथा. दबोरा (मधमाशी), योना (कबूतर) ही नावे निसर्गातली. मोशे या नावाची ‘पाण्यातून काढलेला’ ही बायबलमधील फोड मात्र लोकव्युत्पत्तीच. ‘मूल’ या अर्थाचा इजिप्शियन शब्द त्यामागे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बापाचे नाव ‘बेन’ (मुलगा) वा ‘बात’ (मुलगी) लावून जोडतात. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात अब्राहामचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी झाला. आडनावे गावांवरून पडली : केहीमकर, रोहेकर, पेणकर.