उघड्या नोंदी आणि मुरूडचे शाळामास्तर

दापोलीजवळचें मुरूड समुद्राच्या हवेसाठीं जाणाऱ्या मंडळींस ठाऊक असतें. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ सालीं तेथें जन्मले, हें त्यांपैकीं थोड्यांनाच आठवतें. आम्हांस त्यांची आठवण झाली ती जिनीव्हाच्या एका वृत्तावरून. तेथील सर्न या संस्थेनें २०१४ च्या नोव्हेंबरांत आपल्या महायंत्रांतील प्रोटॉनांच्या टकरींच्या कांहीं नोंदी सर्व जगास खुल्या केल्या. दुसऱ्यानें कष्टानें मिळविलेल्या पुराव्यावर दूरच्या माणसास खरें संशोधन करतां येईल काय, असा प्रश्न तेव्हां पुष्कळांनीं केला. रत्नागिरी जिल्ह्याच्या या सुपुत्रानें त्याचें उत्तर शंभरावर वर्षांपूर्वींच देऊन ठेविलें होतें.

गुप्त राजांचा संवत् केव्हां सुरू झाला याविषयीं त्या काळीं मोठा वाद होता. टॉमस तो शककालाशींच एक मानी, कनिंगहॅम इ. स. १६६ च्या सुमारास नेई. फ्लीट यांनीं गुप्तांचे शिलालेख व ताम्रपट संपादून १८८८ सालीं छापिले, त्यांतील मितींचें गणित दीक्षितांनीं करून दिलें. एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या वेळची मिति आहे : वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. वर्ष आणि तिथि पाहिजे त्या मताकडे ओढतां येतात; वार मात्र लबाडी चालूं देत नाहीं. ही मिति २१ जून ४८४ ची ठरली, त्या दिवशीं गुरुवारच होता, आणि संवताचा आरंभ ३१९-२० कडे गेला.

दगड दुसऱ्यांनीं शोधिले, ठसे दुसऱ्यांनीं घेतले. मास्तरांचें भांडवल कोणतें? वर्ष गत कीं वर्तमान, महिना अमान्त कीं पूर्णिमान्त, तिथि कोणत्या सूर्योदयाची, हें सर्व त्यांस पंचांगकर्त्याच्या हातोटीसह माहीत होतें. लेख ज्या रीतीनें घडला ती रीत ठाऊक असल्यावांचून छापील अक्षरें मुकींच राहतात.

जिनीव्हाच्या नोंदींचें याहून निराळें नाहीं. सी. एम्. एस्. या प्रयोगाची पहिली देणगी २०१० सालच्या टकरींची होती, सुमारें २७ टेराबाइट. घ्यावयास परवानगी नको, पैसा नको. पण यंत्र सगळ्या टकरी लिहून ठेवीत नाहीं. आराखड्याप्रमाणें सेकंदाला सुमारें चार कोटी वेळां प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात, आणि चाळणी लावून त्यांतील कांहीं शेंकडेच जतन होत. चाळणीनें काय टाकिलें हें न जाणतां जो मोजूं लागेल तो चाळणीचेंच संशोधन करील !

तरीही हें काम झालें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जेसी थेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच नोंदींवरून, एक क्वार्क किंवा ग्लुऑन फुटतांना आपली गति दोन भागांत कशी वांटतो याचें सूत्र कणांच्या फवाऱ्यांतून उघड करून दाखविलें, व २०१७ सालीं तें प्रसिद्ध केलें. अडचणीही त्यांनीं मोकळेपणानें सांगितल्या आहेत. त्या वर्षाच्या नोंदींबरोबर यंत्राच्या दोषांचा हिशेब करण्याजोगे कृत्रिम टकरींचे नमुने नव्हते, म्हणून यंत्रामुळें पडणारा फरक आंकड्यांतून वजा करतां आला नाहीं. ही कबुली आम्हांस त्यांच्या यशाइतकीच मोलाची वाटते. पुढें २०१६ सालीं २०११ च्या नोंदी खुल्या झाल्या, त्यांत हे नमुनेही आले.

आपल्याकडील माणसें या यंत्राला अगदींच परकीं नाहींत. चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर निसटणारी ऊर्जा पकडणारा त्याचा बाहेरचा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें व पंजाब विद्यापीठानें घडविला आहे. म्हणजे यंत्राची रीत जाणणारे लोक रत्नागिरीपासून रेल्वेनें दिवसाच्या आंत गांठतां येतील इतके जवळ आहेत. पण जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील एखाद्या हुशार मुलास त्यांच्याकडे नेणारी वाट आम्हांस तरी अजून फार अरुंद दिसते. नोंदी घरीं येतात, त्या वाचण्याची विद्या येत नाहीं. आणि तीवांचून त्यांचें उघडेपण केवळ कागदावरचें राहतें. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं चार विद्यार्थी जमवून एक जुनी नोंद वर्षभर तपासली, तरी त्यांतून एखादा दीक्षित निघण्याचा संभव आहे. आज तोही प्रयत्न विरळा.

दुसऱ्यांच्या लेखांवर ज्यांनीं काम केलें, त्या दीक्षितांनीं १८९६ सालीं रॉबर्ट सेवेल यांच्यासह इंडियन कॅलेंडर हा ग्रंथ लंडनला छापवून, कोणाही वाचकास लेखांतील मिति पडताळतां याव्या अशीं कोष्टकें पुढें ठेविलीं. थेलर यांच्या मंडळीनेंही २०१९ सालीं, २०११ च्या नोंदी चाळून सोप्या केलेला आपला संग्रह जगासाठीं खुला करून ठेविला आहे.