धड्यात न आलेल्या

स्मरणिकेच्या मंडळाने मला विषय दिला तो 'शाळेतलं शिक्षण आणि माझी व्यवसायाची निवड'. मी तो जरा वळवून घेतला आहे, कारण ही निवड माझ्या एकटीची नव्हती. आपल्या १९७९च्या दहावीच्या बॅचची यादी काढून बघा. त्यात डॉक्टर दोन आणि नर्स पाच. दोन्ही डॉक्टरांची नावं शाळेच्या फलकावर आहेत आणि ती असायलाच हवीत. त्यांतल्या एकाने माझ्या आईचं ऑपरेशन केलेलं आहे. पण तालुक्याच्या एका शाळेतल्या एकाच वर्गातून पाच मुली नर्सिंगला जातात, हे कसं झालं असेल, असा प्रश्न कुणाला पडल्याचं आठवत नाही. नोकरीत असताना मलाही पडला नव्हता. १४ वर्षं वॉर्डात आणि २२ वर्षं शिकवण्यात गेली. सरकारी कागदात मी 'पाठ्यनिर्देशिका' होते, मुलींच्या तोंडी ट्यूटर मॅडम. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी मागचं चाळायला बसले.

पहिलं आठवलं ते भिंतीवरचं. आपण सहावी-सातवीत होतो. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं असायचं, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. हजार रुपये तेव्हा केवढे मोठे! मागच्या बाकावरची मंडळी मधल्या सुट्टीत रोगी शोधायला गावभर हिंडायची आणि कांजिण्या झालेल्या पोरांकडे आशेने बघायची. त्याच सुमारास खांद्याला पिशवी लावून नर्सबाई शाळेत लस टोचायला आल्या. दोन टोकांची ती सुई आपल्याला सगळ्यांना आठवत असेल. मी रांगेत पुढे होते आणि रडायच्या ऐवजी विचारत बसले की, एवढ्याशा सुईत औषध मावतं कसं? बाई थांबल्या. लसीत बुडवलेली सुई उजेडात धरून त्यांनी मला दोन टोकांच्या मध्ये अडकलेला थेंब दाखवला. म्हणाल्या, "हा एवढाच लागतो. पंधरा वेळा टोचायचं, की झालं." मागे दीडशे पोरं उभी होती, तरी त्यांनी ते दाखवलं.

विज्ञानाच्या पुस्तकात एडवर्ड जेन्नर होता, गाय होती, गवळण होती. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५मध्ये आसामात सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, ते मात्र या पिशवीवाल्या बायका-पुरुषांनी घरोघर पायपीट केली म्हणून. आपण पोरांनी तो इतिहास दंडावर घेतला आणि परीक्षेत जेन्नर लिहिला.

आता शाळेतल्या शिकवण्याविषयी. आपल्या मराठीच्या बाई आनंदीबाई जोशींची गोष्ट काय रंगवून सांगायच्या! कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा हिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. गोपाळरावांचं मदतीसाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं आणि दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या नजरेला पडलं. पुढे आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने एकटी निघालेली ही मुलगी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी घेते, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक होते आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने जाते, वय वर्षं २१. शेवटाला बाईंचा आवाज जड व्हायचा आणि वर्गातल्या मुलींनी पदर नसताना डोळे पुसायला फ्रॉकची कड वर घेतलेली असायची. नंतर वाचनालयात श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'साठी नंबर लागायचे.

पण एक गोष्ट मला वॉर्डात गेल्यावर कळली. आनंदीबाईंना वॉर्ड मिळालाच नाही. आपल्याला सांगितली गेली ती निघण्याची गोष्ट, समुद्र ओलांडण्याची. रोज सकाळी सात वाजता कामावर हजर होणाऱ्या बाईची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ती त्याच काळात, आपल्याच प्रांतात घडत होती.

आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची तिथे प्रमुख होत्या आणि नर्सना शिकवण्याची सोय त्यांनी तिथे सुरू केली. नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन असं कोर्टाला ठणकावणाऱ्या रखमाबाईंना डॉक्टरकीच्या वाटेवर ज्यांनी मदत केली, त्याही याच पीचीबाई. रखमाबाई लंडनला शिकल्या, परत आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं बायकांच्या दवाखान्यात काम केलं. आमच्या नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात याच काळाविषयी एक ओळ होती: मुंबईत १८९१ साली प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स, काशीबाई गणपत. एका मार्काच्या प्रश्नाला ते नाव उपयोगी पडायचं. पुढे शिकवताना मी त्या ओळीशी दर वर्षी थोडी थांबायचे. आडनाव नाही, गणपत म्हणजे बाप असेल किंवा नवरा. कुणाच्या घरातून, कुणाची बोलणी खाऊन ती तिथवर आली असेल, याचा अंदाज करायला मी मुलींना सांगायचे. त्यांचे अंदाज त्यांच्या स्वतःच्या घरावरूनच यायचे, हे वेगळं सांगायला नको.

सावित्रीबाई फुल्यांचंही तसंच. आपण त्यांना शिक्षिका म्हणून शिकलो. १८९७च्या प्लेगात त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर ससाणे माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातून लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. जड माणूस उचलताना पाठीचा कणा कसा ठेवायचा, हे मी शेकडो मुलींना शिकवलंय, म्हणून असेल, ते पाठीवरचं पोर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बारावी झाल्यावर मी नर्सिंगचा फॉर्म आणला तेव्हा घरात काय झालं ते आता सांगायला हरकत नाही. आत्या म्हणाली, "नर्सबाईला कोण करून घेणार?" दादा तहसील कचेरीत कारकून. ते शांतपणे म्हणाले, डीएडला घालतो. मी हट्ट धरला, जेवण सोडलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी आपले इतिहासाचे सर घरी आले. चहा झाला. दादा म्हणाले, "सर, रात्रीची नोकरी, परक्या पुरुषांचं मलमूत्र काढायचं. आपल्यात हे नाही."

सर म्हणाले, "भाऊसाहेब, रानड्यांच्यातही नव्हतं."

आणि मग त्यांनी दादांना अर्धा तास रमाबाई रानडे सांगितल्या. हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं. न्यायमूर्ती १९०१मध्ये गेल्यावर रमाबाई तुरुंगांतून आणि इस्पितळांतून फिरू लागल्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढलं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई. दुसऱ्या वर्षी पुण्यात सेवासदन उभं राहिलं, गो. कृ. देवधरांच्या साथीने. (मलबारींच्या चरित्राला १८९२ साली प्रस्तावना लिहिली होती ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. हे सरांनी सांगितलं नाही, मला मागाहून कळलं. पण धागा कुठून कुठे जातो बघा.) सेवासदनाने ससून रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालवलं. त्या शिकणाऱ्यांत तरुण विधवा होत्या. घरात ज्यांचं तोंड सकाळी बघू नये म्हणत, त्या इस्पितळात सकाळी रोग्याचं तोंड धुऊ लागल्या. ब्राह्मण घरातल्या बाईने परजातीच्या पुरुषाच्या जखमेला हात लावायचा, यावर तेव्हाच्या पुण्यात काय बोललं गेलं असेल ते दादांना समजावून सांगावं लागलं नाही. आत्या आतून ऐकत होतीच.

दादांनी सही केली. पुढची साडेतीन वर्षं ते पाहुण्यांना "मुलगी मेडिकलला आहे" असंच सांगत राहिले. आपल्या उरलेल्या चौघींच्या घरीही सर गेले होते, हे मला मागच्या वर्षी आपण जमलो तेव्हा कळलं. एकीच्या घरी तर तीनदा. म्हणजे पाच नर्स कशा झाल्या या प्रश्नाचं अर्धं उत्तर सायकलवरून फिरत होतं. उरलेल्या अर्ध्याविषयी मी भाबडी नाही. शिकताना स्टायपेंड मिळायचा आणि सुटल्याबरोबर नोकरी लागायची. पाचपैकी तिघींच्या घरी त्या पैशाची गरज होती.

सोलापूरला शिकायला गेले. सोलापूर म्हणजे डॉ. कोटणीसांचं गाव, त्यामुळे तिथे त्यांचा अभिमान हवेतच आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. शांतारामबापूंचा सिनेमा आपण शाळेच्या पटांगणात पडद्यावर बघितला होता. सिनेमात जयश्रीबाई होत्या, म्हणून आपल्याला बायको आठवते ती गाणारी. खरी को छिंगलान नर्स होती. मोर्चावरच्या इस्पितळात ती शिकवायची, कोटणीसांशी तिचं लग्न झालं ते तिथे, आणि ते गेले तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. हे आमच्या एका केरळच्या सिस्टरने सांगितलं, आणि वर विचारलं, "तुम्ही सोलापूरचे, तुम्हाला हे कसं ठाऊक नाही?"

त्या काळात आम्हाला शिकवणाऱ्या आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या अनेक सिस्टर ख्रिश्चन होत्या, काही मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात तयार झालेल्या, काही थेट केरळातून आलेल्या. आपल्याकडे 'आपल्यात हे नाही' म्हणत दारं बंद होती तेव्हा हे काम ज्यांनी सांभाळलं, त्यांच्याविषयी आपण फारसं कधी बोलत नाही. काचेच्या सिरिंज उकळायच्या, सुयांना धार लावायची, ड्रेसिंगचे गॉज कापून घड्या घालायच्या, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. इथे शाळेचेही आभार मानते. हस्तव्यवसायाच्या तासाच्या टाक्यांनी हात बसला होता, आणि शुद्धलेखनाच्या बाईंनी रोज लिहून घेतलेल्या दहा ओळींमुळे माझं रिपोर्ट बुक रात्रपाळीची सिस्टर न अडखळता वाचू शकायची. अपुऱ्या अक्षरात लिहिलेल्या डोसाचं काय होतं ते वॉर्डात काम केलेल्यालाच ठाऊक.

आणखी एक. आपण दहावी झालो त्याच १९७९ साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मॅगसेसे मिळालं. जामखेड आपल्यापासून काही फार लांब नाही. १९७० पासून ते दोघं तिथे खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवत होते: बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन, कुष्ठरोग्याच्या जखमा. त्यांतल्या कितीतरी जणी दलित होत्या, कितीजणी टाकलेल्या. पुढे देशभर आशा कार्यकर्ती आली २००५ साली. माझ्या मते तिची मुळं शोधायची तर एक वाट जामखेडला जाते.

शिकवायला लागल्यावर मी पहिल्या वर्षाच्या मुलींकडून एक काम करून घ्यायचे. आल्या आल्या अर्धं पान लिहायचं, 'मी नर्सिंग का निवडलं'. आणि पहिला वॉर्ड संपल्यावर पुन्हा तेच. पहिली पानं सगळी सारखी: सेवेची आवड, लहानपणापासूनचं स्वप्न. दुसरी पानं मी जपून ठेवली आहेत. एकीने लिहिलं होतं, "आता स्वप्न वगैरे नाही, पण पेशंटने मला सिस्टर म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, मग कळलं मलाच म्हणाले." दुसरी एक, तिचं पान मी दर वर्षी नवीन मुलींना नाव झाकून वाचून दाखवायचे: "आजीने पाणी घेण्याआधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिने पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला ताप होता, तिने न विचारता घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता, तरी घेतलं." एवढंच. मी त्याला दहापैकी दहा दिले होते.

गेल्या जूनमध्ये आपल्या शाळेतून नर्सिंगला जाणाऱ्यांना भेटायला मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. तीन मुली होत्या आणि दोन मुलगे. मी काशीबाई गणपत सांगितली, रमाबाई सांगितल्या, सरांची सायकल सांगितली. शेवटी काही विचारायचंय का म्हटलं, तर त्यांतला एक मुलगा हळूच उठला.

"मॅडम, आम्हालाही सिस्टरच म्हणतात का?"

"ब्रदर म्हणतात," मी सांगितलं. "पण आज्या सिस्टरच म्हणतील. ओ द्यायची."