होटगीच्या फलाटावरचा वेताळ

रेल्वेनं फिरणाऱ्यांना होटगी हे नाव ठाऊक असतं. मुंबईहून चेन्नईकडे जाताना सोलापूर सुटलं की हे जंक्शन येतं आणि इथून विजापूर-गदगचा फाटा फुटतो. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. माझी वेताळाशी पहिली भेट इथल्याच फलाटावर झाली. कुणी प्रवासी 'इंद्रजाल कॉमिक्स'चा मराठी अंक बाकावर विसरून गेला होता. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची दोन पानं गायब!

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि पुढं अनेक भारतीय भाषांत चालवली. तिचा हुकमी नायक म्हणजे ली फॉक यांचा फँटम. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत तो १९३६ साली अवतरला होता. आपल्याकडे त्याचा 'वेताळ' झाला. मला विचाराल, तर सगळी करामत या एका शब्दात आहे. मूळ गोष्टीत जंगलातले लोक त्याला कधीच न मरणारं, चालतं भूत समजतात. आपला वेताळ भुतांचा राजा आणि गावाचा राखणदारही. अमावास्येला त्याची पालखी निघते, असं आजी सांगायची. त्यामुळं मुखवटा घातलेला हा गोरा माणूस आम्हांला परका वाटलाच नाही.

संपादकांनी आणखीही काळजी घेतली. मूळ गोष्टीतल्या चाच्यांची 'सिंग' टोळी इथं 'सिंगा' झाली. वेताळाच्या वडिलांना मारणारा 'रामा' होता, त्याचा 'रामालू' केला. देशाचं नाव बंगालच्या जवळ जात होतं, म्हणून 'डेंकाली' आलं.

आता एका चाहत्याचं मत सांगतो. वेताळाला उडता येत नव्हतं आणि गोळी लागली की रक्त यायचं. त्याच्याकडे होती एक शपथ आणि ती पाळणारी वंशावळ. बाप गेला की मुलानं मुखवटा चढवायचा. आम्ही वाचत होतो तो २१वा! नायक मोठा होतो तो लेखणीनं, दंडाच्या बेडक्यांनी नव्हे. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये 'बहादूर' निर्माण केला, तोही याच जातीचा. डाकूचा मुलगा, पण बापाला मारणाऱ्या पोलिसाच्या घरी वाढलेला. सूड घ्यायचा की गाव राखायचं, हा पेच लेखकानंच त्याच्या पदरात टाकला.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडलं आणि नायक टीव्हीवर गेले. तिथंही नियम तोच. १९९२च्या बॅटमन कार्टून-मालिकेत पॉल डिनी यांनी मिस्टर फ्रीझ या थट्टेवारी खलनायकाला गोठवून ठेवलेली आजारी बायको दिली आणि त्याची शोकांतिका झाली. दूरदर्शनवर १९९३ मध्ये 'जंगल बुक' आलं. जपानी मालिका, पण गाणं गुलजारांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. हिंदीत ती नव्यानं जन्मली, म्हणूनच लक्षात राहिली.

मात्र ती हिंदीत जन्मली, मराठीत नव्हे. आता काही कार्टून मराठी आवाजातही लागतात. तरी आमच्या गल्लीतली पोरं भूक लागली की मराठीत बोलतात आणि लुटुपुटीच्या लढाईत उतरली की हिंदीत ओरडतात. हिंदीशी माझं भांडण नाही. पण पराक्रमाची भाषा आपली नाही, असं पोराच्या मनात बसलं, तर ते महागात पडेल. नुसता आवाज बदलून भागणार नाही. 'वेताळ' हा शब्द सुचणारा माणूस लागेल.

आणि त्या गायब पानांचं काय झालं? शेजारच्या रेल्वे क्वार्टरमधला माझा मित्र कन्नड शाळेत जायचा. त्याच्या वडिलांनी विजापूरहून तीच गोष्ट कन्नडमध्ये आणली. दोन्ही अंक शेजारी ठेवले. चित्रं तीच, फुग्यांतली अक्षरं निराळी. त्यानं शेवटची दोन पानं वाचत वाचत मला मराठीत सांगितली. त्या नादात मी कन्नडची चार अक्षरं शिकलो, तो देवनागरीची. शेवट काय होता, ते आज आठवत नाही. त्याचं अडखळत सांगणं मात्र अजून कानात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)