अपील कोणापुढे?

१९२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये बुटांच्या कारखान्याचा पगार लुटताना दोन खून झाले. साको हा बूट-कामगार व व्हान्झेटी हा मासळीविक्या, असे दोन इटालियन अराज्यवादी १९२१ साली दोषी ठरले. १९२५ साली दुसऱ्याच एका कैद्याने गुन्ह्याची कबुली दिली. पण फेरखटल्याचे अर्ज ऐकायला बसले तेच न्यायाधीश थेअर! वरिष्ठ न्यायालयाने कायद्याची चूक तेवढी पाहिली. पुराव्याचे वजन केले नाही. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांनाही विजेच्या खुर्चीवर देहदंड झाला. १९३९ साली कायदा बदलला. देहदंडाच्या खटल्यात पुरावाही तपासणे वरिष्ठ न्यायालयाचे काम झाले. श्रोतेहो, बडतर्फ कामगाराची बाजू मांडताना आम्ही हेच विचारतो : शिक्षा देणाऱ्याच्याच दारी दाद मागायची, तर ते अपील कसले?