ऋण न काढता सण : व्हिक्टोरियन नाताळ आणि गरिबाघरचा हिशेब

'ऋण काढून सण साजरा करणे' हा वाक्प्रचार मराठीत नेहमी निंदेच्या सुरात वापरला जातो. सण आणि काटकसर या परस्परविरोधी गोष्टी आहेत, आणि गरिबाने सणावर खर्च केला तर तो अविचारच असणार, असे त्यामागचे गृहीत आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कामकरी कुटुंबे नाताळची तयारी कशी करीत, हे पाहू लागले की हे गृहीत नव्याने तपासावे लागते. तेथेही ऋण होतेच. पण त्याच्या जोडीने सणासाठी आधीपासून, आठवड्याला काही पेन्स या हिशेबाने, पैसा बाजूला काढण्याची एक मोठी रीत होती. या घरांत काटकसर सणाविरुद्ध नव्हे, तर सणासाठीच केली जात होती. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला नाताळची मेजवानी परिचित असते. प्रस्तुत लेखात त्या मेजवानीआधीच्या आठवड्यांचा विचार करायचा आहे.

प्रारंभ अर्थातच चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'पासून करावा लागतो. हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील कारकून बॉब क्रॅचिट याला स्क्रूज आठवड्याला १५ शिलिंग पगार देतो. एका शिलिंगाचे १२ पेन्स धरले तर हे १८० पेन्स झाले. घरात नवरा-बायको आणि सहा मुले. म्हणजे माणशी दिवसाला सव्वातीन पेन्सही येत नाहीत. आणि त्यातच घरभाडे, कोळसा, मेणबत्त्या आणि कपडे. थोरली मार्था टोप्यांच्या दुकानात उमेदवारी करते. पीटरला आठवड्याला साडेपाच शिलिंगांची नोकरी लागेल, अशी बॉबला आशा आहे. कामाचे दिवस सहा धरले की बॉबच्या एका दिवसाची किंमत अडीच शिलिंग, म्हणजे बरोबर एक हाफ-क्राउन होते. नाताळच्या सुटीबद्दल कुरकुरताना स्क्रूज कापून घेण्याची भाषा करतो ती नेमक्या याच रकमेची. डिकन्सने हा हिशेब नीट केलेला होता. आणखी एक आकडा मात्र पुस्तकाच्या बाहेरचा आहे. सोनेरी मजकुराच्या बांधणीचे आणि जॉन लीचच्या रंगीत चित्रांचे हे पुस्तक पाच शिलिंगांना विकले जात होते. बॉबला स्वतःची कथा विकत घेऊन वाचायची म्हटली तर आठवड्याच्या पगाराचा एकतृतीयांश भाग मोजावा लागला असता.

क्रॅचिटांच्या मेजवानीचे वर्णन भावविवशतेचा नमुना म्हणून शिकवले जाते. ते घरखर्चाचा दस्तऐवज म्हणून वाचले तर निराळे दिसते. मिसेस क्रॅचिटचा झगा दोनदा उलटून शिवलेला आहे. झिजलेली बाजू आत आणि आतली बाजू बाहेर, असे दोन वेळा झालेले आहे. त्यावर सहा पेन्सांच्या रिबिनी आहेत, कारण थोड्या पैशात अधिक शोभा आणणारी वस्तू तीच. जेवणात एक हंस आहे. (काव्यातला नीरक्षीरविवेकी हंस नव्हे, बाजारात विकला जाणारा पाळीव पक्षी.) तो आठ जणांना पुरवण्यासाठी सफरचंदाची चटणी आणि कुसकरलेले बटाटे यांची जोड दिलेली आहे. हा हंस भाजून येतो तो पाववाल्याच्या भट्टीतून, कारण साध्या चुलाण्यावर एवढा पक्षी भाजता येत नाही. पुडिंग शिजते ते कपडे उकळण्याच्या हंड्यात. मिसेस क्रॅचिट पिठाच्या प्रमाणाविषयी धास्तावलेली असते. आणि एवढ्या कुटुंबाला ते पुडिंग लहान आहे, हे सर्वांना दिसत असूनही कोणी बोलत नाही. घरातील हे मौनही अंदाजपत्रकाचाच एक भाग आहे.

भट्टीचा उल्लेखही सहज आलेला नाही. रविवारी अशा भट्ट्या बंद ठेवाव्यात, अशा आशयाची विधेयके सर अँड्र्यू ॲग्न्यू यांनी १८३०च्या दशकात ब्रिटिश संसदेत मांडली होती. डिकन्सने १८३६ साली 'संडे अंडर थ्री हेड्स' ही पुस्तिका लिहून त्यांना विरोध केला. सुट्टीच्या दिवशी भट्टी बंद म्हणजे गरिबाचे गरम जेवण बंद, हे त्याला ठाऊक होते. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले, हा त्याच्या चरित्रातील तपशील सर्वपरिचितच आहे.

मात्र एका प्रश्नाचे उत्तर डिकन्स देत नाही : क्रॅचिटांनी हा हंस कसा विकत घेतला? आठवड्याच्या पगारातून तो निघणे कठीण. याचे एक उत्तर व्हिक्टोरियन समाजजीवनात सापडते, ते म्हणजे 'गूज क्लब', हंसासाठीची वर्गणी मंडळी. हे क्लब बहुधा गल्लीतल्या दारूच्या गुत्त्यात चालत. सभासदाने आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि नाताळला एक हंस, क्वचित सोबत जिनची बाटली, घरी न्यायची. गुत्तेदाराचा लाभ उघड होता. वर्गणी भरायला आलेला माणूस पेला रिचवल्यावाचून सहसा परतत नसे. म्हणजे काटकसरीची पेढी भरली होती ती उधळपट्टीच्या दारात.

आर्थर कॉनन डॉयलच्या वाचकांना हा क्लब ठाऊक असतो. जानेवारी १८९२ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झालेल्या 'द ॲडव्हेंचर ऑफ द ब्लू कार्बंकल' या शेरलॉक होम्सच्या कथेत हेन्री बेकर हा परिस्थितीने खालावलेला गृहस्थ ब्रिटिश म्युझियमजवळच्या 'अल्फा' गुत्त्यातील अशाच क्लबचा सभासद आहे. या कथेत रत्नाचा माग लागतो तो कॉव्हेंट गार्डनमधल्या पक्षीविक्रेत्याच्या हिशेबवहीतून. त्या वहीतील नोंदीप्रमाणे चोवीस हंस साडेसात शिलिंग दराने घेतले गेले आणि 'अल्फा'च्या मालकाला बारा शिलिंग दराने विकले गेले. आपण थोडा हिशेब मांडू. बारा शिलिंग म्हणजे १४४ पेन्स. आठवड्याला सहा पेन्स भरले तर एका हंसाला चोवीस आठवडे लागतात. जवळजवळ अर्धे वर्ष! वाचक रत्नाच्या मागे धावतो आणि ही चोवीस आठवड्यांची गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते.

हंसापुरतीच ही पद्धत मर्यादित नव्हती. बुटांचे क्लब होते, कपड्यांचे होते. 'स्लेट क्लब' वर्षभर वर्गणी घेत, आजारपणात सभासदाला मदत देत आणि उरलेली शिल्लक नाताळच्या सुमारास सर्वांत वाटून टाकीत. आपल्याकडच्या भिशीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण भिशीत रक्कम पाळीपाळीने एकेकाच्या हाती पडते, तर येथे सगळ्यांच्या हाती एकाच आठवड्यात, सणाच्या तोंडावर. हा फरक महत्त्वाचा आहे. स्लेट क्लबचे कॅलेंडर सणाने ठरवलेले होते.

याच काळात काटकसरीचा दुसरा, प्रतिष्ठित विचार प्रभावी होता. 'सेल्फ-हेल्प' लिहिणाऱ्या सॅम्युएल स्माइल्सचे 'थ्रिफ्ट' हे पुस्तक १८७५ साली आले. त्याआधी १८६१ मध्ये ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली होती. या विचारातील बचत ही साठत जाणारी, व्याज देणारी आणि माणसाला हळूहळू वरच्या पायरीवर नेणारी होती. डिसेंबरात मोडण्यासाठी जानेवारीपासून साठवणे ही या दृष्टीने बचतच नव्हे. अर्थात, तिचे तर्कशास्त्र वेगळे होते. ज्या घरात एका आजारपणाने सारी पुंजी संपते, तेथे मोठी पुंजी साठवण्याचे स्वप्न वास्तवाला धरून नसते. हाती मोकळा राहिलेला पैसा भाड्यात, कोळशात, पावात विरघळून जातो. क्लबात भरलेला पैसा मध्येच काढता येत नाही, आणि हाच त्याचा मुख्य गुण होता.

या दोन विचारांतील अंतर १९०१ साली आकड्यांत मांडले गेले. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी करून 'पॉव्हर्टी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आईवडील आणि तीन मुले अशा कुटुंबाला केवळ शारीरिक कार्यक्षमता टिकवण्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांचा हिशेब होता : अन्न १२ शिलिंग ९ पेन्स, भाडे ४ शिलिंग, इतर सर्व ४ शिलिंग ११ पेन्स. या रकमेत जगणाऱ्या कुटुंबाला काय काय करता येणार नाही, याची एक यादीच राउंट्री देतात. वर्तमानपत्र नाही, प्रवास नाही, पत्रासाठी तिकीट नाही, मुलांना बाहुली वा गोळ्या नाहीत, क्लबची वर्गणी नाही. राउंट्रींचा हेतू गरिबांना दोष देण्याचा नव्हता. काटेकोर हिशेबानेही भागू शकत नाही, हे दाखवणे हाच त्यांचा उद्देश होता. पण ती यादी वाचताना ध्यानात येते, की या अंदाजपत्रकात डिसेंबर महिना नाही. त्यातले बावन्न आठवडे सारखे आहेत.

प्रत्यक्षात घरोघरीचे हिशेब असे नव्हते. फेबियन विमेन्स ग्रुपच्या कार्यकर्त्या १९०९ ते १९१३ या काळात लंडनच्या लॅम्बेथ भागातील कुटुंबांना दर आठवड्याला भेटत. त्यावर आधारलेले मॉड पेंबर रीव्ह्ज यांचे 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक' हे पुस्तक १९१३ साली आले. येथील गृहिणी हिशेब डोक्यात ठेवीत. पाहणीसाठी त्या तो कागदावर मांडायला शिकल्या. अन्न अपुरे असतानाही या घरांतून दर आठवड्याला काही पेन्स मुलांच्या दफनविम्यासाठी जात. सुस्थितीतल्या टीकाकारांना हा खर्च मूर्खपणाचा वाटे. रीव्ह्ज यांनी मात्र त्यामागचे कारण समजून घेतले : मूल दगावले तर त्याला लावारिसासारखे पुरले जाऊ नये, ही ती धडपड होती. सणाचा खर्चही याच जातीचा होता. वर्षातून एकदा तरी आपले ताट दुसऱ्याच्या ताटासारखे दिसावे, ही मागणी पोटाची नसून प्रतिष्ठेची होती. आणि तिची किंमत बहुतेक वेळा घरातली बाई स्वतःच्या ताटातून चुकती करीत होती.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. ज्यांना क्लब साधत नसे त्यांच्यासाठी गहाणाचे दुकान होते. रविवारचे कपडे सोमवारी गहाण टाकायचे आणि शनिवारी पगार झाला की सोडवायचे, हा अनेक घरांचा क्रम होता. १८७२च्या कायद्याने लहान रकमांवर दर दोन शिलिंगांमागे महिन्याला अर्धा पेनी व्याज ठरवून दिले. म्हणजे सालीना पंचवीस टक्के. शिवाय क्लबचा सारा डोलारा विश्वासावर उभा होता. खजिनदार पेटी घेऊन पसार झाला, तर अर्ध्या वर्षाचे पेन्स एका रात्रीत नाहीसे होत.

हा धोका व्हिक्टोरियन काळाबरोबर संपला नाही. 'फेअरपॅक' ही ब्रिटिश कंपनी लोकांकडून वर्षभर हप्ते घेऊन नाताळला खाद्यपदार्थांच्या टोपल्या आणि खरेदीची कुपने देत असे. हप्ते गोळा करणारे प्रतिनिधी बहुधा शेजारी किंवा नातलगच असत. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण दोन महिन्यांवर आलेला असताना, ही कंपनी कोसळली. एक लाखाहून अधिक कुटुंबांचे पैसे अडकले, आणि त्यांतला काही भागच पुढे परत मिळाला. ऋण न काढता सण करण्याचा शहाणपणा ज्यांनी दाखवला होता, नेमके तेच नाडले गेले. बँकेतल्या ठेवीला जे कायदेशीर संरक्षण होते ते या हप्त्यांना नव्हते. कायद्यानेही एका अर्थी स्माइल्सचीच बचत तेवढी खरी मानली होती.

'ख्रिसमस कॅरल'मध्ये काटकसरीची दोन रूपे समोरासमोर ठेवलेली आहेत. स्क्रूज खर्च न करण्यासाठी साठवतो. मिसेस क्रॅचिट खर्च करण्यासाठी. कथेच्या शेवटी स्क्रूजचे हृदयपरिवर्तन होते आणि तो क्रॅचिटांकडे भलामोठा टर्की पक्षी पाठवतो. वाचक सुखावतो, समीक्षक या दानशूरतेच्या मर्यादा दाखवतात. दोघांचेही लक्ष स्क्रूजवरच राहते. पण टर्की येण्यापूर्वी त्या घरात एक हंस असू शकतो, आणि तो कोणाच्या कृपेने आलेला नसतो. तेव्हा हे पुस्तक वर्गात शिकवताना स्क्रूजच्या परिवर्तनाआधी एकदा फळ्यावर १८० पेन्स लिहावेत, खाली आठ माणसे मांडावीत, आणि त्यातून हंसाचे पैसे बाजूला काढून दाखवायला विद्यार्थ्यांना सांगावे.