मुलींच्या कॉलेजातील वाङ्मय व नाट्यमंडळे

स्मरणिकेसाठी पाककृती व घरगुती औषधे लिहून देणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत; तेव्हा या खेपेस मी थोडा इतिहास लिहावा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु दुपारची कामे आटोपली की वाचनालयाचे पुस्तक हाती घ्यावयाची सवय आहे. त्या वाचनात मुलींच्या कॉलेजांतील वाङ्मय व नाट्यमंडळांविषयी जे सापडले, ते भगिनींपुढे ठेवीत आहे. कॉलेजची पायरी न चढलेल्या बाईने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच.

मुंबईस भुलाभाई देसाई रस्त्यावर ‘सोफिया कॉलेज’ हे मुलींचे कॉलेज आहे. ‘सेक्रेड हार्ट’ नावाच्या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाने ते १९४० साली काढले. हा संघ १८०० साली फ्रान्समध्ये मादलेन सोफी बारा या बाईंनी स्थापन केला. त्यांचे वडील लाकडी पिपे बनविणारे कारागीर होते. मुलीला शिकवावे अशी त्या काळी रीत नव्हती. पण थोरल्या भावाने तिला घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास असे मुलांचे सारे विषय शिकविले. पुढे त्या मुलीने देशोदेशी मुलींच्या शाळा काढल्या. एका घरातील एका भावाने केलेल्या कामाचे केवढे मोठे फळ!

ख्रिस्ती मठांत बायकांनी लिहिण्याची चाल त्याहूनही जुनी आहे. जर्मनीतील गांडर्सहाइमच्या मठात दहाव्या शतकात ह्रोत्स्विता नावाची बाई राहत होती. टेरेन्स या जुन्या रोमन नाटककाराची नाटके लोक भाषेच्या गोडीसाठी वाचीत. पण त्यांत बायकांची चित्रे हलकी असत. तिला ते खटकले. तिने त्याच धर्तीवर सहा लॅटिन नाटके लिहिली व त्यांत शीलवान, धीट बायका उभ्या केल्या. ती नाटके छापून निघाली १५०१ साली, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांनी. आपल्याकडेही तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाईसेने धवळे रचले, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आज घेतात. बायकांचे शब्द असे उशिरा का होईना, पण टिकतात.

आता मुलींनी रंगभूमीवर उभे राहण्याची गोष्ट. पॅरिसजवळ सँ-सीर येथे १६८६ साली गरीब सरदार घराण्यांतील मुलींसाठी एक शाळा निघाली. चौदाव्या लुई राजाची पत्नी मादाम द मँतनों हिने ती काढली. पाठांतर व शुद्ध उच्चार साधावेत म्हणून मुलींकडून नाटके करवून घेत. रासिन या मोठ्या नाटककाराचे एक प्रेमाचे नाटक मुलींनी इतके मन लावून केले की मादामबाईंना धास्ती वाटली. त्यांनी रासिनलाच प्रेमप्रकरण नसलेले नाटक मागितले. त्याने बायबलातील कथेवर ‘एस्तेर’ लिहिले आणि १६८९ च्या जानेवारीत मुलींनी ते राजापुढे केले. त्याची कीर्ती एवढी झाली की दरबारी मंडळी पाहावयास येण्यासाठी धडपडू लागली. आणि मग कुजबुज सुरू झाली. मुली बिघडतील, गर्विष्ठ होतील, परक्या पुरुषांच्या नजरेत येतील! रासिनने १६९१ साली दुसरे नाटक दिले, ‘अताली’. ते मुलींना साध्या रोजच्या कपड्यांत, देखाव्यावाचून, मोजक्या लोकांपुढे करावे लागले. भगिनींनो, नजर होती पाहणाऱ्यांची. पण शिक्षा कोणाला झाली, ते पाहा.

आपल्याकडे तर बायकांना रंगभूमी बंदच होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे सीता, द्रौपदी, सुभद्रा पुरुषच झाले. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची तऱ्हा पाहून घरंदाज बायका तशा नेसू लागल्या, असे जुनी माणसे सांगत. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांची कामे केली, ती मोठी नवलाई ठरली.

नुसत्या मुलींच्या कॉलेजात मात्र उलटेच होते. तेथे नाटकातील राजाही मुलगीच, हवालदारही मुलगीच! काजळाची मिशी रेखून ती खुशाल रंगभूमीवर जाते. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती पडद्यामागची बाजू. मुले-मुली एकत्र असतात तेथे पुष्कळदा मुलगा अध्यक्ष होतो, मुलगी स्वागतगीत म्हणते व हार आणून देते. मुलींच्या मंडळात अध्यक्ष मुलगी, चिटणीस मुलगी, जमाखर्च लिहिणारी मुलगी, पडदा ओढणारीही मुलगीच. करणारी दुसरी कोणी नसते, म्हणून सगळे करावयास शिकावेच लागते. वाङ्मय मंडळाचा हा खरा लाभ आहे.

सोफिया कॉलेज निघाले तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी. सप्टेंबर १९४८ मध्ये आपण मुक्त झालो, आणि मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. तेव्हा आपल्या आज्यांना वाङ्मय मंडळ कोठून भेटणार? तरी त्या मुक्या नव्हत्या. जात्यावरच्या ओव्या होत्या, तुळजाभवानीची आराध्यांची गाणी होती. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची मडकी थापटून कच्चे-पक्के पारखले, त्या कथेत मुक्ताबाईही आहे. संतांच्या त्या मेळ्यात एका मुलीचा शब्द मानला जात होता.

धर्मभगिनींच्या कॉलेजशी आपला काय संबंध, असेही कोणी म्हणू नये. १० ते १२ जानेवारी २०२० रोजी आपल्या शहरात त्र्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरूच होते. संमेलननगरीस नाव मात्र संत गोरोबाकाकांचे होते. मराठीच्या घरात पंक्तिभेद नाही.

आता मूळ कारण सांगते. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात आपल्या मुलींनी व सुनांनी नाटुकले केले. कोणीतरी त्याचे चित्रीकरण केले आणि ते गावभर फोनांवर फिरले. दोघींच्या घरच्यांनी त्यांना तालमीस येण्याची बंदी केली. त्यांतली एक दहावीत आहे, तिचे उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावे. आता नाट्यविभागच बंद करावा, अशी सूचना आली आहे. ही तर सँ-सीरचीच गोष्ट झाली! सव्वातीनशे वर्षांनीही चूक पाहणाऱ्याची व शिक्षा करणारीला, हे आपण चालू द्यावयाचे काय?

माझे म्हणणे एवढेच. प्रयोगाच्या वेळी सर्वांचे फोन दाराशी ठेवून घ्यावेत. त्या दोघींच्या घरी आपण वडीलधाऱ्या चौघीजणींनी जाऊन बोलावे. मी येण्यास तयार आहे. आणि यंदाचा जमाखर्च, निवेदन व पडदा कोणा भावजींच्या हाती न देता मुलींकडेच सोपवावा. थोडे चुकेल. चुकले तर आपणच सुधारू.

नाट्यविभागाच्या सूचनेवर पुढील मासिक सभेत मत घेतले जाणार आहे. सर्व भगिनींनी त्या सभेस अगत्य यावे, ही विनंती.