भंडाऱ्याचे खासदार आणि मदतीची अलिखित कलमे

भंडारा मतदारसंघातील १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आपल्याला आठवते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पराभवामुळे. त्या वेळी तेथे दोन जागा होत्या. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. या दुसऱ्या निकालाची चर्चा क्वचितच होते. परकीय मदतीचा इतिहास वाचताना मात्र आम्हांला पुनःपुन्हा या नावापाशी थांबावे लागले.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत ‘पब्लिक लॉ ४८०’ संमत झाला. भुकेल्या देशाला मिळालेला गहू अशीच आपल्याकडे त्याची स्मृती आहे. पण कायद्याच्या अधिकृत नावात पहिला मान शेतमालाच्या व्यापारवृद्धीला होता, साहाय्याला दुसरा. तिथली कोठारे न खपलेल्या धान्याने भरली होती. १९५६ च्या करारापासून भारताने हे धान्य रुपयांत घेतले आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साचत गेले. त्यांतून वकिलातीचा खर्च भागला, अमेरिकी कंपन्यांना इथे कर्जे मिळाली, आणि १९६२ पासून तिथल्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तकेही खरेदी झाली. मराठी ग्रंथ अमेरिकी विद्यापीठांत पोचले त्यामागे हा गहूही आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही झाली कागदावरची कलमे. न लिहिलेली कलमे १९६५ नंतर दिसू लागली. सलग दोन वर्षे पाऊस रुसला, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजे दीर्घ कराराने न सोडता थोडीथोडी सोडण्याचे धोरण धरले. शेतीविषयक धोरण बदलण्याचे आश्वासन नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्याकडून घेण्यात आले. १९६६ च्या उन्हाळ्यात जागतिक बँकेशी बोलणी करायला वॉशिंग्टनला गेले ते नियोजनमंत्री अशोक मेहता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. अपेक्षित मदत मात्र पुढील वर्षांत आटत गेली.

याच मेहतांनी १९५३ साली बैतूलच्या पक्ष-अधिवेशनात मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय अपरिहार्यतांविषयी मांडणी केली होती. गरिबी राजकारणाला स्वतःच्या अटी घालते, विरोधकांनीही त्या ओळखाव्यात, असा तिचा आशय होता. पक्षात तिच्यावर टीका झाली. तेरा वर्षांनी तोच विचार त्यांना वाटाघाटीच्या मेजावर घेऊन गेला. त्यांना अमेरिकेचे हस्तक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते आम्हांला न्याय्य वाटत नाही. चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाचा निषेध करायला सरकार कचरले, तेव्हा १९६८ मध्ये याच गृहस्थांनी मंत्रिपद सोडले. भंडाऱ्याच्या पूर्वेस, त्याच लोहमार्गावर, भिलाईचा सोव्हिएत साहाय्याने उभा राहिलेला पोलाद कारखाना आहे. त्या मदतीच्या करारात मौनाचे कलम नव्हते. तरीही ते पाळले गेले, असे आम्हांला वाटते.

मदतीतल्या छुप्या अटी म्हटल्या की आपण देणाऱ्याचा कावा शोधतो. तो असतोच. परंतु १९६६ मध्ये अट लपवण्यात घेणाऱ्याचाही वाटा होता. अवमूल्यन हा आपला स्वतंत्र निर्णय आहे, अशीच सरकारची भूमिका होती. संसदेला आणि मतदाराला बोलणी कळली ती निर्णय झाल्यावर. अपरिहार्यता खरी असेल, तर ती लोकांसमोर मांडायला हवी होती. बैतूलला मेहतांनी ती निदान उघडपणे मांडली होती. वॉशिंग्टनहून परतल्यावर तसे घडले नाही, आणि भंडाऱ्याच्या या माजी खासदाराच्या चरित्रातील ही उणीव आम्हांला अवमूल्यनाहून मोठी वाटते.